रात्रभर स्टॅन लावण्याआधी काय काय तयार पाहिजे

मागच्या पावसात गोव्यातल्या मालीम, शापोरा, कुटबण अशा जेट्यांवरच्या बांगड्यांच्या आकड्यांवर स्टॅनमध्ये (बेजियन मॉडेलं चालवणारं सॉफ्टवेअर) हायरार्किकल मॉडेल (सगळ्या जेट्यांचे अंदाज एकत्र बांधणारं) रात्रभर चालवलं, सकाळी चारही चेन (एकाच मॉडेलचे वेगवेगळे रन) पूर्ण झालेल्या दिसल्या, खुशीत आर (स्टॅटिस्टिक्सची भाषा, स्टॅन मी त्यातूनच चालवते) बंद केलं आणि बेतीची फेरीबोट पकडायला धावले. संध्याकाळी येऊन बघते तर एक ड्रॉ (मॉडेलने काढलेला नमुना) शिल्लक नाही. कमांडस्टॅनआर (आरमधून स्टॅन चालवणारं पॅकेज) सीएसव्ही फाइली टेम्पररी फोल्डरात लिहितं आणि आर नीट बंद केलं की तो फोल्डर पुसला जातो. म्हणून बाकी काहीही विसरा, सॅम्पल कमांडमध्ये आउटपुट डिर द्या, म्हणजे फाइली कायमच्या फोल्डरात जातील.

आता क्रमाने. आर आणि आरस्टुडिओचं सांगत नाही, ते असेलच. स्टॅन मॉडेलचं सी प्लस प्लस करून कंपाइल करतं, त्यामुळे कंपायलर लागतोच: विंडोजवर आरटूल्स, आणि तेही तुमच्या आरच्या व्हर्जनला जुळणारं (आर ४.४ असेल तर आरटूल्स ४४, जुनं पडलंय ते चालेल असं धरू नका), मॅकवर एक्सकोडची कमांड लाइन टूल्स, लिनक्सवर जी प्लस प्लस आणि मेक. कमांडस्टॅनआर क्रॅनवर (आरच्या पॅकेजांचं नेहमीचं भांडार) शोधत बसू नका, ते स्टॅनच्या स्वतःच्या रिपॉझिटरीतून घ्यायचं. मग टूलचेन (कंपायलर वगैरे) तपासणारी कमांड, मग इन्स्टॉल कमांडस्टॅन. हे डाउनलोड करून तिथेच बिल्ड होतं, वेळ लागतो, मधे बंद करू नका. पाथमध्ये स्पेस नको! विंडोजच्या युजरनेममध्ये नाव-आडनाव स्पेस देऊन असेल तर मेक अडखळतं, सरळ सी ड्राइव्हवर छोटं फोल्डर करा. झालं की सोबत येणारं बर्नुलीचं उदाहरण चालवून बघा, ते चाललं तरच स्वतःच्या मॉडेलला हात लावा.

जॅग्जवरून (अशीच मॉडेलं चालवणारं दुसरं सॉफ्टवेअर) येत असाल तर थांबा. तिथे नॉर्मलचा दुसरा आकडा प्रिसिजन असतो, म्हणजे व्हेरियन्सचा व्यस्त, स्टॅनमध्ये तो स्टँडर्ड डेव्हिएशन. नॉर्मलचे जुने आकडे तसेच चिकटवले तर एरर येणार नाही, उत्तर मात्र चुकेल आणि कळणारही नाही.

डेटा: १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींना बंदी, ते ६१ दिवस काढून टाका. तिथला शून्य म्हणजे बोट गेलीच नाही, मासे नव्हते असं नाही, आणि लॉगनॉर्मल (फक्त शून्याहून मोठे आकडे चालणारं) घेतलं असेल तर एका शून्यावर सगळ्या सुरुवाती रिजेक्ट होत राहतील.

लांब रन लावण्याआधी प्रत्येक चेनला २०० ड्रॉ असा छोटा रन करा, आणि त्यातही आउटपुट डिर द्या, हात सवयीचा होऊ दे. लॅपटॉपची स्लीप बंद, लाइट जाते म्हणून इन्व्हर्टरवरचा प्लग. सीड (रँडम आकड्यांची सुरुवात ठरवणारा आकडा) लिहून ठेवा. आणि फोल्डर खरंच भरतंय का ते एकदा डोळ्यांनी बघा, चार चेनच्या चार सीएसव्ही दिसल्या पाहिजेत, मगच झोपा.

सकाळी आर-हॅट (चेन एकमेकींशी जुळल्या का ते सांगणारा आकडा) १.०१ च्या खाली, बल्क आणि टेल ईएसएस (मधल्या भागात आणि टोकांना किती स्वतंत्र ड्रॉइतकी माहिती आहे) ४०० च्या वर. डायव्हर्जन्स (सॅम्पलर वाट चुकल्याच्या खुणा) असतील तर अडॅप्ट डेल्टा (पावलं किती जपून टाकायची ते ठरवणारा आकडा) ०.८ वरून ०.९५, तरी राहिले तर मॉडेल नॉन-सेंटर्ड (त्याच मॉडेलची वेगळी मांडणी) लिहा. ट्रेस प्लॉट (ड्रॉ क्रमाने दाखवणारा आलेख) बघा. मग सेव्ह ऑब्जेक्ट, साधं सेव्हआरडीएस (आरची नेहमीची सेव्ह कमांड) नको, त्यात सगळे ड्रॉ येतीलच असं नाही. फाइल उघडून बघा. मग आर बंद.