व्हीलचेअरवर बसणाऱ्यासाठी भिंतीवरचं बेसिन पक्कं कसं बसवायचं

उभा माणूस बेसिनपाशी येतो, तोंड धुतो आणि जातो. व्हीलचेअरवरचा माणूस पुढे वाकताना बेसिनच्या पुढच्या कडेवर कोपर टेकवतो, खुर्ची थोडी जवळ घ्यायची तर कड धरूनच ओढून घेतो, बसल्या जागी सरकून नीट बसायचं असेल तरी हात आपोआप तिथेच जातो. त्याला कितीही सांगा की धरू नकोस, तो धरणारच, तुम्ही आम्ही पण धरलंच असतं. आणि हे चाललेलं असताना त्याचे गुडघे बेसिनच्या खाली असतात. बेसिन निसटलं तर उभा माणूस मागे उडी मारेल, याला ते जमणार नाही, आणि सिरॅमिक फुटलं की त्याच्या कडा सुरीसारख्या असतात. त्यामुळे प्लंबर जेव्हा म्हणतो ना की "काही होत नाही, पंधरा किलोचं तर बेसिन आहे", तेव्हा त्याला थांबवायचं आणि खालचा हिशोब दाखवायचा.

समजा बेसिन भिंतीपासून ४५ सेंमी पुढे आलंय आणि कोणी पुढच्या कडेवर ६० किलो भार टाकला. बेसिनचे बोल्ट त्याच्या खालच्या टेकणाऱ्या कडेपासून साधारण १५ सेंमी वर असतात. म्हणजे पुढचा भार तिप्पट होऊन बोल्टना भिंतीतून बाहेर ओढतो, १८० किलो. त्यात पाण्याने भरलेल्या बेसिनचं स्वतःचं वजन धरलं की दोनशेच्या वर जातं, म्हणजे एका बोल्टला शंभरेक किलो, आणि हे सावकाश टेकलं तर. तोल जाऊन धपकन भार आला तर अजून जास्त. बेसिनबरोबर पिशवीत दोन प्लॅस्टिकच्या गट्ट्या आणि दोन स्क्रू येतात, त्यांच्या भरवशावर मी तरी हे काम करणार नाही.

आता सगळ्यात मोठा प्रश्न, भिंत कसली आहे? टाइलच्या वरून कळत नाही, म्हणून जिथे बेसिनमागे झाकलं जाईल अशा जागी एक बारीक भोक पाडून बघा आणि भुकटीचा रंग बघा. आधी टाइलची पूड येते, बहुतेक वेळा पांढरी, मग प्लॅस्टरची राखाडी, आणि वीट लागली की लाल. लाल जिथे सुरू झाली तिथून पुढची खोलीच खरी, टाइल आणि प्लॅस्टरमधली खोली धरायचीच नाही. कितीतरी ठिकाणी ७५ एमएमचा बोल्ट लावलेला असतो पण त्यातला ३५ एमएम नुसता टाइल, चिकटवायचा मसाला आणि प्लॅस्टर यातच गेलेला असतो. विटेत किंवा काँक्रीटमध्ये किमान ७०-८० एमएम बोल्ट गेला पाहिजे असं मी धरतो, आणि तो विटेच्या मधोमध, दोन विटांच्या सांध्यात नाही. ड्रिल अचानक आत घुसलं तर पोकळ ब्लॉक आहे, पांढरी हलकी पावडर भसाभसा यायला लागली तर सिमेंटचा हलका ब्लॉक, आणि लगेचच पलीकडे पोकळी लागली तर जिप्समचं पार्टिशन.

भरीव वीट किंवा काँक्रीट असेल तर १० एमएमचा स्टेनलेस थ्रेडेड रॉड (पूर्ण आटे असलेली सळई) आणि केमिकल अँकर, म्हणजे भोकात भरायचं, रॉडला भिंतीशी चिकटवून घट्ट होणारं केमिकल. फुगून पकडणारा फास्टनर काँक्रीटमध्ये मस्त चालतो पण विटेला तो आतून फोडायला बघतो, म्हणून विटेत केमिकलच बरं. यात लोक कंटाळा करतात तो भोक साफ करायला, आणि नेमकं तिथेच काम बिघडतं, कारण धूळ राहिली तर केमिकल धुळीला चिकटतं, विटेला नाही. पंपाने फुंकर, गोल ब्रश, परत फुंकर, असं दोन-तीनदा करा, डोळ्याला गॉगल लावून. मग भोकाच्या तळापासून केमिकल भरत बाहेर या, रॉड फिरवत आत घाला, आणि ट्यूबवर जितका वेळ लिहिलाय तितका वेळ त्याला हात लावायचा नाही. थंडीत हा वेळ बराच वाढतो.

पोकळ ब्लॉकमध्ये जाळीचा स्लीव्ह घालूनच केमिकल भरायचं नाहीतर सगळं पोकळीत सांडून जातं. हलक्या ब्लॉकमध्ये ड्रिलचं हॅमर बंद ठेवायचं, आणि पलीकडची बाजू आपल्याच घरातली असेल तर सरळ भिंतीतून आरपार बोल्ट काढून मागे हाताएवढी स्टीलची पट्टी लावा, ती दिसते थोडी पण मनाला शांतता असते. टाइलमधून जाताना पण हॅमर बंदच, टाइलचा बिट लावा आणि खाली मास्किंग टेप चिकटवा म्हणजे बिट सरकत नाही. आणि हो, भोक पाडायच्या आधी पाण्याच्या लाइनी आणि वायरी कुठून गेल्यात ते शोधा, अँगल कॉकच्या (बेसिनखालचा पाणी बंद करायचा छोटा नळ) सरळ वर किंवा खाली पाइप असण्याची शक्यता सगळ्यात जास्त.

जिप्सम पार्टिशनवर कुठलीही गट्टी, फुलपाखरू बोल्ट वगैरे वापरू नका, विषय संपला. भिंत उघडायची आणि दोन उभ्या फ्रेमच्या मध्ये जाड लाकूड किंवा प्लायचा आडवा तुकडा पक्का बसवायचा, किंवा बेसिनसाठी मिळते ती आतली स्टीलची फ्रेम लावायची जिचे पाय खाली जमिनीला बोल्टने बसतात. ही फ्रेम मला सगळ्यात आवडते कारण बराचसा भार भिंतीवर न जाता जमिनीवर जातो. घर नवीन होत असेल तर आत्ताच टाकून घ्या, नंतर टाइल फोडायला जीवावर येतं.

बाकीच्या भिंतींवर जास्तीचा आधार हवा असेल तर बेसिनच्या खाली दोन्ही बाजूंना त्रिकोणी ब्रॅकेट द्या, पण अगदी कडेला, मधे नको. जिप्समची भिंत उघडणं शक्यच नसेल तर ब्रॅकेट नको, कारण तोही त्याच भिंतीला बसतो, तिथे खालून जमिनीवर पाय द्या. खालून उभा पाय द्यायचा झाला तरी दोन पायांच्या मध्ये किमान ७६० एमएम मोकळं पाहिजे, म्हणजे बेसिनपेक्षा रुंद फ्रेम करावी लागते. सिरॅमिकचा पूर्ण खांब असतो तो भार घेतो खरा पण गुडघे आत जाऊच देत नाही, त्यामुळे तो बादच. ब्रॅकेट साध्या लोखंडाचे असतील तर बाथरूममध्ये दोन वर्षात गंजाचे पापुद्रे निघतील, स्टेनलेस घ्या.

उंचीचं म्हणाल तर बेसिनची वरची कड जमिनीपासून ८६५ एमएमच्या वर नको आणि पुढच्या बाजूला खाली गुडघ्यांसाठी ६८५ एमएम मोकळं पाहिजे, हे आकडे ठिकठिकाणच्या नियमांमध्ये थोडे इकडेतिकडे होतात. पण खरं माप त्या माणसाचं त्याच्या खुर्चीत, त्याच्या रोजच्या गादीसकट. एक पुठ्ठा बेसिनच्या आकाराचा कापा, दोघांनी भिंतीला लावून धरा आणि त्याला पुढे येऊ द्या. गुडघा लागतोय की खुर्चीचा हात आधी आपटतोय, हे तोच सांगेल, त्यालाच ठरवू दे. बॅटरीवाल्या खुर्चीला जागा जास्त लागते. आता गणित बघा, कड ८२० वर ठेवली आणि गुडघ्याला ६८५ सोडले तर बेसिनच्या पुढच्या भागाला फक्त १३५ एमएम उरतात, म्हणून उथळ बेसिनच घ्यायचं, खोल वाडग्यासारखं दिसायला छान पण इथे उपयोगाचं नाही.

बेसिन चढवताना मागची बाजू भिंतीला सगळीकडे टेकते का बघा. टाइल वरखाली असेल तर बेसिन एका टोकावर टेकतं आणि नट आवळला की तिथूनच तडा जातो. मागे सिलिकॉनची पातळ गादी करून बसवा, लेव्हल बघा, नटच्या खाली नायलॉन किंवा रबराचा वॉशर द्या, आणि एकदा हा नट थोडा, एकदा तो थोडा असं आवळत जा. हाताने घट्ट झाल्यावर पान्याने पाव फेरा पुरे. कडेने सिलिकॉन मारतात ते पाणी मागे जाऊ नये म्हणून, ते भार घेतं असं समजू नका.

खालचा ट्रॅप, म्हणजे सांडपाण्याचा वळलेला पाइप, जितका मागे भिंतीला चिकटेल तितका बरा. गरम पाण्याच्या पाइपला फोमची नळी गुंडाळाच, कारण मणक्याच्या दुखापतीत बऱ्याचदा पायाला स्पर्श कळत नाही, मांडी भाजली तरी समजत नाही आणि जखम नंतर दिसते. त्याच कारणाने बोल्टची उघडी टोकं, ब्रॅकेटचे कोपरे, कापलेले पाइप, सगळ्यावरून हात फिरवा आणि जिथे टोचेल तिथे घासा किंवा टोपीचा नट लावा.

एवढं करूनही बाजूला ग्रॅब बार, म्हणजे आधाराला धरायचा दांडा, पाहिजेच, जमलं तर दोन्ही बाजूंना, आणि त्यांचे बोल्ट वेगळे, बेसिनवर अवलंबून नाही. बारने ११० किलोच्या वर झेललं पाहिजे. हाताला चांगला बार मिळाला की बेसिनवरचा हात आपोआप कमी होतो.

शेवटी टेस्ट, केमिकल पूर्ण वाळल्यावर. बेसिनखाली जुनी गादी टाका, खाली कोणाचा पाय नको. पुढच्या कडेवर फळी ठेवून २० लिटरचे पाण्याचे कॅन एकेक करून ठेवा, तीन झाले की ६० किलो. अर्धा तास राहू द्या आणि वरच्या कडेला बेसिन आणि टाइलच्या मध्ये कागदाची पट्टी घुसते का बघा. घुसली तर बोल्ट सरकलाय, वापरायला द्यायचं नाही, परत काढून बघायचं. नाही घुसली तर कॅन उतरवा आणि नटपासून वॉशरवर जाईल अशी मार्करने एक सरळ रेघ मारून ठेवा. महिन्याभराने खाली टॉर्च मारून बघा, रेघ तुटलेली दिसली की नट फिरलाय, आणि वरच्या सिलिकॉनला केसाएवढी चीर दिसली तर बेसिन पुढे झुकतंय, मग नट नुसता आवळून सोडू नका, बेसिन उतरवून भिंतीतला बोल्ट हाताने हलतोय का ते बघा.