विजयाचं तेल मागायला येण्याआधी

घरच्या कॅन्सर पेशंटसाठी 'गांजाचं तेल', म्हणजे औषधात 'विजया' म्हणतात ते, शोधत असाल, तर आधी फाईल उघडून बघा, जबर दुखण्यावरची मॉर्फिनची गोळी कधी दिलीय काय. निपाणीतल्या माझ्या मेडिकलमध्ये कुणी हळू आवाजात तेल मागितलं, की मी हेच विचारतो. बहुतेकांनी मॉर्फिनचं नावसुद्धा ऐकलेलं नसतं. एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थांच्या कायद्यात २०१४ साली दुरुस्ती झाली ती मॉर्फिन दवाखान्यांत सहज मिळावं म्हणूनही. मिरज, कोल्हापूर, बेळगाव, जिथं उपचार चाललेत तिथं पॅलिएटिव्ह केअरची, म्हणजे दुखणं-त्रास कमी करणाऱ्या उपचारांची, चौकशी करा. गांजा कायदेशीर करावा की नको, हा वाद कट्ट्यावर होईल सावकाश.

त्या वादात मला अर्धंच पटतं. औषधासाठी लागवडीला परवाना द्यायचा अधिकार १९८५ च्या त्याच कायद्याचं कलम १० राज्यांना देतं. तो वापरा, तपासलेलं औषध दुकानात येऊ दे. पण परसात झाड लावून घरीच डोस ठरवायचा, हे नको.

तेल घ्यायचंच ठरलं, तर बाटली नीट वाचा. कायद्याच्या भाषेत गांजा म्हणजे झाडाचे फुलोऱ्याचे शेंडे. शेंड्यांशिवायची पानं आणि बी त्यात येत नाहीत, म्हणून पानाची आयुर्वेदिक औषधं 'विजया' नावानं मिळतात, वैद्याच्या चिठ्ठीवर. लेबलवर लायसन्स नंबर, बॅच आणि 'वैद्यकीय देखरेखीखाली घ्यावे' ही सूचना हवीच. 'हेम्प सीड ऑइल' लिहिलं असेल तर ते बियांचं, खायचं तेल. दुखण्यावर त्याचा उपयोग जवसाच्या तेलाइतकाच, आणि ऑनलाइन फसतात ती माणसं इथंच.

चालू गोळ्यांची यादी डॉक्टरांना दाखवा, वैद्यालाही. रक्त पातळ करणारं वॉरफॅरिन किंवा फिट्सवरचं क्लोबाझाम, व्हॅल्प्रोएट चालू असेल तर विचारल्याशिवाय थेंबही नको. केमोच्या मळमळीवर आणि फिट्सच्या काही दुर्मिळ आजारांवर या झाडातल्या घटकांचा उपयोग सिद्ध झालाय. त्यातल्याच ड्रावे सिंड्रोमसाठीच्या अशा औषधाला अमेरिकेनं २०१८ मध्ये मंजुरी दिली. तेलानं कॅन्सर बरा होतो म्हणणाऱ्याला मात्र दारातूनच परत पाठवा.

कोगनोळी नाका ओलांडून कर्नाटकातून महाराष्ट्रात जाणार असाल तर चिठ्ठी, बिल आणि सीलची बाटली एकत्र ठेवा. एनडीपीएस दोन्हीकडं एकच. भांगेचं तसं नाही ओ. ती एनडीपीएसमध्ये बसत नाही असं कर्नाटक उच्च न्यायालयानं २०२२ मध्ये म्हटलं, पण पलीकडं महाराष्ट्रात १९४९ चा दारूबंदी कायदा भांगेलाही लागू आहे. तेव्हा औषध म्हणून भांगेच्या गोळ्या पिशवीत टाकून नेऊ नका. फुलोरा तर घरातही नको. किलोच्या आत सापडला तरी वर्षापर्यंत सक्तमजुरी, १०,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही.

पहिला डोस रात्री, तोही वैद्यानं सांगितला तेवढाच. उठताना बीपी उतरतं, चक्कर येते. म्हाताऱ्या माणसाला त्या रात्री संडासला एकटं सोडू नका.