तात्पुरती करकपात आली की घरची खरेदी कशी लावायची

जर्मनीत 1 जुलै ते 31 डिसेंबर 2020 एवढ्याच काळापुरता मूल्यवर्धित कर 19 वरून 16 टक्क्यांवर आला, किराण्यावरचा 7 वरून 5 वर. आम्ही श्टुटगार्टला राहत होतो, हिशेबाची वही माझ्याकडे.

आधी कपात रुपया-पैशात, म्हणजे तिथे युरोत, मांडून बघा. 119 युरोची वस्तू 116 ला मिळते, म्हणजे जेमतेम अडीच टक्के स्वस्त. महिन्याला 428 युरोचा किराणा भरत असाल तर वाचतात 8 युरो. घरभाड्यावर तिथे हा कर नाहीच, त्यामुळे घरखर्चाचा सगळ्यात मोठा आकडा जागचा हलत नाही. दुकानदारावर भाव उतरवायची सक्तीही नव्हती. म्हणून कपात सुरू होण्याआधीच हव्या त्या वस्तूंचे भाव लिहून ठेवा, नाहीतर पावतीवर 16 टक्के दिसतात आणि किंमत तीच असते.

खरा फायदा मोठ्या, एकदाच होणाऱ्या खरेदीत, आणि तीही पुढच्या वर्षी करायचीच होती अशी. तिथे भाड्याच्या घरात बरेचदा ओटा-कपाटंसुद्धा नसतात, सगळं आपणच बसवून घ्यायचं. आमचं स्वयंपाकघर जुन्या दराने 8,330 युरोचं, नव्या दराने 8,120 चं. पण कराचा दर ऑर्डरच्या तारखेवर ठरत नाही, काम पूर्ण होण्याच्या तारखेवर ठरतो. दुकानदार म्हणाला, “जानेवारीत बसवू.” मी म्हटलं, मग 19 टक्के लागतील, डिसेंबरची तारीख लेखी द्या, नाहीतर वरचा फरक तुम्ही सोसा. त्याने डिसेंबर लिहून दिला. गाडी घेणाऱ्यांनी तर हे पक्कं धरावं. तिथे ताब्यात मिळण्याची तारीख महत्त्वाची.

कपात संपताना दुसरा कुठला कर वाढतोय का, तेही बघा. जानेवारी 2021 पासून तिथे इंधनाच्या कार्बन उत्सर्जनावर शुल्क सुरू झालं, घर गरम ठेवायच्या तेलावर लिटरमागे साधारण 8 सेंट. डिसेंबरात घरची तेलाची टाकी भरली त्यांचे दोन्हीकडून पैसे वाचले.

त्याच वर्षी मुंबईत सप्टेंबर ते डिसेंबर मुद्रांक शुल्क 5 वरून 2 टक्के झालं होतं. 60 लाखांच्या घरावर 1 लाख 80 हजारांचा फरक. एवढ्या रकमेसाठी घर घ्यायचं वर्ष अलीकडे ओढणं मला पटतं, फक्त बिल्डरने दर तेवढाच चढवलेला नाही ना, हे शेजारच्या इमारतीत विचारून घ्या.