चमक विझली म्हणजे सेन्सर झाला असं नाही

फ्लुरोसन्ट (प्रकाश शोषून चमकणाऱ्या) रेणूंवर नुकतंच काम सुरू केलेल्यांसाठी हे लिहितोय. कॉलम, एनएमआर वगैरे तुम्हाला येतंच, त्यामुळे थेट मुद्द्यावर येतो.

स्फोटकांच्या सेन्सिंगमध्ये, म्हणजे रेणूची चमक विझण्यावरून स्फोटक ओळखण्यात, नवख्याला हमखास गंडवतं ते पिक्रिक ॲसिड, हेही एक स्फोटकच. थेंब थेंब घालत जा, चमक झपाझप उतरते आणि स्टर्न-व्होल्मरचा आलेख (किती ॲसिडने चमक किती उतरली याचा) असा देखणा येतो की गाईडही खूश. मीही होतो. पण पिक्रिक ॲसिड स्वतःच ३५० नॅनोमीटरच्या आसपास दणकून प्रकाश शोषतं, आणि बहुतेक वेळा आपण रेणूला उत्तेजित करतो तेही तिथेच. डिटेक्टर बघतो क्युवेटच्या (द्रावणाच्या पारदर्शक चौकोनी भांड्याच्या) मध्याकडे. तिथे प्रकाश पोचायच्या आधीच ॲसिडने तो खाल्लेला असतो. रेणूला काहीही झालेलं नसतं! हाच इनर फिल्टर इफेक्ट.

हिशोब करून बघा. उत्तेजनाच्या आणि उत्सर्जनाच्या तरंगलांबीवरचं शोषण (ॲबसॉर्बन्स) मिळून ०.६ भरलं, तर क्वेंचिंग (रेणूची चमक खरोखर विझणं) शून्य असूनही चमक जवळपास निम्मी दिसते. म्हणून प्रत्येक थेंबानंतर यूव्ही स्पेक्ट्रमही घ्याच, कंटाळा आला तरी. तेच द्रावण अरुंद क्युवेटमध्ये मोजा. ‘क्वेंचिंग’ घटलं तर संशय पक्का. फक्त लाइफटाइमवर (उत्तेजित रेणू सरासरी किती वेळ तसा राहतो त्यावर) विसंबू नका. तो बदलला नाही तर फिल्टर इफेक्ट असेल किंवा स्टॅटिक क्वेंचिंग (उत्तेजनाआधीच रेणू ॲसिडशी जोडला जाऊन विझणं), एकट्या लाइफटाइमवरून ते ठरत नाही.

घाबरू नका, दुरुस्ती करूनही उरतं ते खरं असतं, आणि बऱ्याचदा काहीतरी उरतंच.

मात्र द्रावणातल्या निकालाला ‘व्हेपर सेन्सिंग’ म्हणू नका. टीएनटीची वाफ खोलीच्या तापमानाला अब्जात काही भाग एवढीच, पिक्रिक ॲसिडची त्याहून कितीतरी कमी. स्वॅगर आणि यांग यांनी १९९८ मध्ये टीएनटीची वाफ पकडली ती पॉलिमरच्या पातळ फिल्मवर. त्या साखळ्यांना पेंटिप्टिसीनचे अवजड गट होते, त्यामुळे त्या एकमेकींना चिकटत नव्हत्या आणि वाफेला आत शिरायला वाट मिळत होती. विचार तिथे आहे. दिसेल त्या रेणूला टेट्राफिनाइलइथिलीन (रेणू एकत्र गोळा झाले की चमकणारा, म्हणजे एआयईवाला, लोकप्रिय गट) चिकटवणं हा माझ्या मते आळस आहे.

ओएलईडीकडे (वीज दिल्यावर चमकणाऱ्या सेंद्रिय फिल्मच्या दिव्यांकडे) वळणाऱ्यांनी द्रावणातल्या क्वांटम यील्डवर (शोषलेल्या प्रकाशापैकी किती परत बाहेर पडतो त्यावर) हुरळून जाऊ नये, फिल्ममध्ये मोजा. (आणि १९८७ च्या ओएलईडीवाले टँग वेगळे, २००१ च्या एआयईवाले टँग वेगळे. व्हायव्हात गोंधळ होतो.)

फिल्मवर वाफ सोडण्याआधी नुसता नायट्रोजन सोडून तेवढाच वेळ, तेवढ्याच प्रकाशात चमक मोजा. कधी ऑक्सिजन हटल्याने ती वाढते, कधी फोटोब्लीचिंगने (प्रकाशानेच रेणू खराब झाल्याने) आपसूक उतरते. तुलनेची ही रेघ (बेसलाइन) नसेल तर रिव्ह्यूअर पहिल्यांदा तीच मागेल.