यीस्टच्या मायटोकाँड्रियात प्रोटीन नेमकं कुठे? या चुका टाळा

प्रोटीनला जीएफपी (हिरवं चमकणारं प्रोटीन) लावलं, मायक्रोस्कोपखाली हिरवं जाळं दिसलं, की जागा सापडली म्हणणारे दरवर्षी भेटतात. अहो, मायटोकाँड्रियात आहे एवढंच कळलं! बाहेरच्या पटलात की आतल्या, हे त्या जाळ्यावरून सांगता येत नाही. त्याला ‘प्रोटीनेज के’ हे प्रोटीन कापणारं एन्झाइमच लागतं.

आणि खरा घोळ तिथेच होतो. एक विद्यार्थी ब्लॉट (अँटीबॉडीने प्रोटीनचे बँड दाखवणारा पडदा) घेऊन आला. न फुगवलेल्या (म्हणजे बाहेरचं पटल शाबूत ठेवलेल्या) मायटोकाँड्रियावर प्रोटीनेज के टाकताच त्याचा बँड गायब. "सर, बाहेरच्याच पटलातलं!" पोस्टरचं शीर्षकसुद्धा ठरलं होतं. कंट्रोल एकच, टॉम७०. ते बाहेरच्या पटलावरचं, ते जाणारच. मी त्याच नमुन्यांवर टिम५० बघायला लावलं, तर तेही साफ! टिम५०चा मोठा भाग दोन पटलांमधल्या जागेत असतो. बाहेरचं पटल शाबूत असेल तर एन्झाइम तिथवर पोचतच नाही. म्हणजे मायटोकाँड्रिया आधीच फुटलेले. बारीक टिपने, फेस येईस्तोवर पेलेट (सेंट्रिफ्यूजमध्ये खाली बसलेला गोळा) मिसळला होता. घाई, दुसरं काय! मी टिपचं टोक कापून घेतो आणि बर्फावर हळूहळू मिसळतो. वेळ जातो, जाऊ दे.

साखर नसलेल्या बफरमध्ये फुगवून बाहेरचं पटल फोडल्यावर टिम५० जायला हवं, मॅट्रिक्समधलं (सगळ्यात आतल्या भागातलं) एमजीई१ राहायला हवं, आणि पटलं विरघळवणारं ट्रायटन घातल्यावर तेही जायला हवं. जेलवर जागा नाही म्हणून ट्रायटनची लेन गाळणाऱ्यांचं मी पुढचं ऐकतच नाही. प्रोटीन मुळातच न कापलं जाणारं असेल, तर कळणार कसं?

प्रोटीनेज के थांबवणारं पीएमएसएफ पाण्यात टिकत नाही. सकाळी बफरमध्ये मिसळून ठेवलेलं दुपारी भरवशाचं नाही. प्रोटीनेज के सॅम्पल बफरमधल्या एसडीएस डिटर्जंटमध्येही कापत राहतं, त्यामुळे अर्धवट थांबवलेला नमुना सॅम्पल बफरमध्ये संपतो. मी पीएमएसएफनंतर टीसीए या आम्लानेही अवक्षेपण करतो. कोणी अतिरेक म्हणो.

प्रोटीन पटलात रुतलंय का हे बघायचं तर सोडियम कार्बोनेट ताजं करा, पीएच ११.५ मोजून घ्या. पेलेटमध्ये आलं म्हणजे पटलात रुतलेलंच असं नाही. गोळा झालेलं प्रोटीनही खाली बसतं.

यीस्ट ग्लुकोजवर वाढवू नका, मायटोकाँड्रिया कमी बनतात; ग्लिसरॉल किंवा लॅक्टेट वापरा.

पटलातलं प्रोटीन ९५ अंशांवर उकळलं तर कधी कधी जेलच्या वेलमध्येच अडकतं.

टॅग कुठे लावताय ते आधी बघा. पुढच्या टोकाला लावला तर प्रीसिक्वेन्स (प्रोटीनला मायटोकाँड्रियात नेणारा पत्ता) झाकला जातो. फिस१सारखं शेपटीने रुतणारं असेल तर मागचं टोकही नको. शिवाय टॅगच्या अँटीबॉडीने बँड गेलेला दिसला, तर तेवढं टोक उघडं होतं, इतकंच म्हणा.