पहिल्या घराचं डाउनपेमेंट कसं जमवावं, आणि जमलेलं कसं टिकवावं

चहा बंद केल्याने घर होत नाही. रोजचे दोन कटिंग सोडले तर वर्षाकाठी पंधरा हजारही वाचत नाहीत, आणि पुण्यात तेवढ्यात पार्किंगचा कोपराही येत नाही. तरी घरासाठी बचत म्हटलं की सल्ला तिथूनच सुरू होतो. माझ्या घरासाठी, मग भावंडांच्या घरांसाठी आणि पुढे ऑफिसातल्या कितीतरी जणांसाठी मी हा हिशेब मांडलेला आहे. पैसे न जमल्यामुळे अडलेले थोडे, जमलेले पैसे भलतीकडे गेल्यामुळे अडलेले जास्त. म्हणून खाली बचतीच्या पायऱ्या झटपट उरकल्या आहेत आणि सांभाळण्यावर सविस्तर लिहिलं आहे.

आधी आकडा काढा

"वीस टक्के तुम्ही भरा, बाकीचं बँक बघते" हे वाक्य बिल्डरच्या सेल्स ऑफिसात ऐकलंत की ते अर्धवट आहे असं समजा. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार ३० लाखांपर्यंतच्या कर्जात बँक किमतीच्या जास्तीत जास्त ९० टक्के देऊ शकते, ३० ते ७५ लाखांच्या कर्जात ८० टक्के आणि त्यापुढे ७५ टक्के. ही कमाल मर्यादा आहे, तुमचा हक्क नाही. पगार, वय आणि चालू हप्ते बघून बँक याहून कमी देऊ शकते. शिवाय मुद्रांक शुल्क आणि नोंदणी फी या किमतीत धरत नाहीत (घर १० लाखांच्या आतलं असेल तरच धरता येते). ती तुमच्या खिशातून.

पिंपरी-चिंचवडमध्ये बांधकाम चालू असलेला ६० लाखांचा फ्लॅट धरू. बँकेचे ४८ लाख, तुमचे १२ लाख. मुद्रांक शुल्क ७ टक्के, म्हणजे ४ लाख २० हजार. नोंदणी फी ३० हजार. जीएसटी ५ टक्के, म्हणजे ३ लाख. काही बँका जीएसटी किमतीत धरून कर्ज देतात, काही देत नाहीत. तुमची देणार नाही असंच धरा. बेरीज झाली साडेएकोणीस लाख. त्यात सोसायटीचा आगाऊ मेंटेनन्स, वकील, बँकेची प्रोसेसिंग फी, पंखे, ट्यूबा आणि खिडक्यांच्या जाळ्या घाला, की २१ लाख. वीस टक्के म्हणता म्हणता पस्तीस झाले.

हा आकडा थोडा खाली आणता येतो. घर फक्त स्त्रीच्या नावावर घेतलं तर महाराष्ट्रात मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत आहे. वरच्या उदाहरणात ६० हजार वाचतात. नवऱ्याचं नाव करारात आलं की सवलत गेली. तो कर्जात सहअर्जदार राहू शकतो, पण हे बँकेला आधी विचारून घ्या. घर ४५ लाखांच्या आत आणि कार्पेट ९० चौरस मीटरच्या आत (मुंबई महानगर प्रदेशात ६०) असेल तर जीएसटी ५ ऐवजी १ टक्का. भोगवटा प्रमाणपत्र मिळालेलं तयार घर किंवा रीसेल घेतलं तर जीएसटी नाहीच. मात्र रीसेलमध्ये दलाली येते आणि सोसायटीची हस्तांतरण फी येते, जी महापालिका हद्दीत २५ हजारांपेक्षा जास्त घेता येत नाही. आणखी एक: मुद्रांक शुल्क करारातली किंमत आणि रेडी रेकनरची (सरकारने भागानुसार ठरवलेली) किंमत यांतल्या जास्त रकमेवर लागतं. स्वस्तात मिळालं म्हणून शुल्क कमी लागेल, असं नाही.

मग हप्ता ठरवा

महिना ३० हजारांची आरडी, व्याज साडेसहा टक्के, पाच वर्षं: २१ लाखांच्या थोडं वर जातं. व्याजावरचा कर त्यातून जाईल. पण पाच वर्षांत फ्लॅटही ६० लाखांवर थांबणार नाही, म्हणून दरवर्षी पगारवाढीनंतर हप्ता दहा टक्क्यांनी वाढवा. मग मुद्दलच २२ लाखांच्या जवळ जातं. एकट्याच्या पगारात ३० हजार निघत नसतील तर दोन पगारांतून काढा, नाहीतर लहान किंवा लांबचं घर बघा. चौथा मार्ग मला सापडलेला नाही.

पगार एक तारखेला, वळता तीन तारखेला. दिवाळीचा बोनस आला त्याच दिवशी तिकडे. या पायरीत याहून जास्त काही नाही.

आता खरा अवघड भाग

मला सगळ्यात जास्त झगडायला लावलं ते या टप्प्याने. सुरुवातीचे लाख-दीड लाख कुणाच्या डोळ्यांत येत नाहीत. चार-पाच लाख झाले की पैशाला पाय फुटतात. मावसभावाच्या दुकानाला भांडवल हवं असतं, गावी घरावरचे पत्रे काढून स्लॅब टाकायचा असतो, आणि तुमच्या स्वतःच्याच मनात गाडीचं मॉडेल फिरायला लागतं. बचतीची शिस्त शिकवणारे शेकड्यांनी आहेत. या पाच लाखांना हात न लावता अजून तीन वर्षं कशी काढायची, ते कुणी सांगत नाही.

पहिला नियम: पगाराचं खातं आणि घराचं खातं एका बँकेत नको. घराचं खातं नवरा-बायकोच्या, किंवा तुमच्या आणि आईच्या नावावर काढा आणि फॉर्मवर "कुणाही एकाच्या सहीने" याऐवजी "दोघांच्या सहीने" यावर खूण करा. अशा खात्याला बऱ्याच बँका यूपीआय आणि एटीएम कार्ड देत नाहीत. उत्तम. पैसे काढायला दोघांना सह्या करून शाखेत जावं लागलं, की निम्मे विचार चप्पल घालेपर्यंतच मावळतात.

दुसरा नियम: रक्कम कुणाला सांगू नका. विचारलंच तर "पैसे मुदतीत अडकलेत, आत्या" एवढंच म्हणा. ते खरंही असतं. घरातलं लग्न किंवा आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन दिसत असेल तर त्यासाठी वेगळी, छोटी आरडी आजच काढा. जबाबदारी माहीत असून हिशेबात न धरणं आणि मग घराच्या पैशातून भागवणं, यातच सगळ्यांची दोन-दोन वर्षं जातात. तसंच घरखर्चाचे चार-सहा महिन्यांचे पैसे निराळे ठेवा, नाहीतर पहिल्याच दवाखान्याच्या बिलाला घराची एफडी मोडेल.

तिसरा नियम: पाच लाखांची एक एफडी करण्यापेक्षा एकेक लाखाच्या पाच करा. अडचण आलीच तर एक मोडते, चार राहतात. अडचण दोन-तीन महिन्यांचीच असेल तर मोडूही नका, एफडीवर ओव्हरड्राफ्ट, म्हणजे ती तारण ठेवून तात्पुरती उचल घ्या.

आता कुठे ठेवू नये ते. पतसंस्थेत नको. अर्धा-एक टक्का व्याज जास्त मिळतं आणि संचालक ओळखीचे असतात, हे दोन्ही मान्य. पण ठेव विम्याचं संरक्षण बँकांना आहे, सहकारी बँकांनाही आहे, पतसंस्थांना नाही. बँकेतही ते एका ठेवीदाराला एका बँकेत मुद्दल आणि व्याज मिळून ५ लाखांपर्यंतच. त्यामुळे साडेचार लाख झाले की पुढची एफडी दुसऱ्या बँकेत. पुणेकरांना हे समजावून सांगायची गरज पडू नये: रुपी बँकेवर २०१३ मध्ये निर्बंध आले आणि परवाना रद्द झाला २०२२ मध्ये. मधली नऊ वर्षं ज्यांचं डाउनपेमेंट तिथे होतं त्यांनी काय करायचं?

भिशी नको. ऑफिसातली भिशी मिक्सर घ्यायला ठीक आहे. घराच्या पैशासाठी तिला ना कागद, ना व्याज, आणि एक जण बदली होऊन गेला की वसुलीसाठी फोन करत बसायचं.

दागिने नकोत. गुरुपुष्याला एक ग्रॅम, अक्षय्य तृतीयेला एक ग्रॅम, ही सवय वाईट नाही, पण ती घराची बचत नव्हे. घेताना मजुरी आणि ३ टक्के जीएसटी, विकताना घट. शिवाय बायकोच्या किंवा आईच्या गळ्यातलं मोडायला कुणाचा हात धजत नाही, हे धरून चला.

शेअर बाजाराबद्दल माझं मत ऐकून अनेक जण चिडतात. घर सात-आठ वर्षं लांब असेल तर म्युच्युअल फंडाची एसआयपी जरूर करा. तीन वर्षांच्या आत आलं असेल तर तिथे एक रुपयाही नको. जानेवारी २०२० मध्ये सेन्सेक्स ४२ हजारांच्या वर जाऊन आला होता, २३ मार्चला तो २६ हजारांच्या खाली बंद झाला. "नंतर वर आला की" हे उत्तर ज्याला घाई नाही त्याच्यासाठी. बिल्डरचं मागणीपत्र बाजार वर यायची वाट बघत नाही. म्हणून घर तीन वर्षांवर आलं की दर महिन्याला थोडं थोडं काढून एफडीत आणत जा. बाजार चढा असताना हे फार जिवावर येतं. तरीही करा.

आणि घरात रोख नको. जमवताना नाही, देताना तर नाहीच. बँक कर्जाचा पहिला हप्ता सोडण्याआधी तुमचा वाटा भरल्याच्या पावत्या मागते. त्यांना बँकेच्या भाषेत ओसीआर म्हणतात. पैसे तुमच्या खात्यातून गेलेले दिसले पाहिजेत. साठ लाखांच्या घराला "दहा लाख कॅशमध्ये द्या, करार पन्नासचा करू" म्हणणारा विक्रेता तुमचं मुद्रांक शुल्क वाचवत नसतो. करार पन्नासचा झाला की कर्जही पन्नासच्याच ८० टक्के मिळतं, म्हणजे ४० लाख. तुमचा वाटा आठ लाखांनी वाढला, तोही आत्ताच्या आत्ता. शिवाय स्थावर मालमत्तेच्या व्यवहारात २० हजार किंवा त्याहून जास्त रोख घेणं कायद्यात बसत नाही.

वडिलांनी पैसे दिले तर तेही बँकेतून, बक्षीसपत्राचा साधा कागद करून. वडिलांकडून मिळालेल्या भेटीवर कर लागत नाही, पण ती आली कुठून हे दाखवता आलं पाहिजे.

जे पैसे धरायचे नाहीत

वैयक्तिक कर्ज काढून डाउनपेमेंट भरू नका. त्याचा हप्ता तुमच्या पात्रतेतून वजा होतो आणि गृहकर्ज तेवढं कमी मिळतं. प्रधानमंत्री आवास योजनेच्या व्याज अनुदानावरही विसंबू नका. ते कर्ज झाल्यानंतर कर्जखात्यात हप्त्याहप्त्याने येतं, बुकिंगच्या दिवशी उपयोगाचं नाही. पीएफ घरासाठी काढता येतो, पण तो शेवटी, आणि कमी पडतील तेवढाच.

म्हाडाच्या सोडतीचा अर्ज भरत राहा. नाव आलं नाही तर अनामत परत मिळते. आलं तर मात्र पैसे भरायला मुदत थोडी असते, तेव्हा एफडी आणि अधिवास दाखला दोन्ही हाताशी हवेत.

पैसे देताना

खरेदीच्या सहा महिने आधी सिबिल रिपोर्ट (तुमच्या कर्जफेडीचा इतिहास) काढून बघा आणि क्रेडिट कार्डाची थकबाकी शून्यावर आणा.

बिल्डरला टोकनचा चेक देण्याआधी प्रकल्पाचा महारेरा (राज्याचं गृहप्रकल्प नियामक प्राधिकरण) क्रमांक त्यांच्या संकेतस्थळावर स्वतः टाकून बघा. ताबा कधी द्यायचं त्याने लिहून दिलं आहे, तेही तिथेच दिसतं. करार नोंदवण्याआधी बिल्डर किमतीच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम घेऊ शकत नाही. वरच्या फ्लॅटला ही मर्यादा सहा लाख येते. "ऑफर रविवारपर्यंतच आहे" म्हणून वीस टक्के मागितले तर रेरा कायद्याच्या कलम १३ चं नाव घ्या. घर ५० लाखांचं किंवा त्यावरचं असेल तर प्रत्येक हप्त्यातून १ टक्का टीडीएस (विक्रेत्याच्या नावे जमा होणारा आयकर) कापून तुम्हीच भरायचा असतो. तो किमतीतूनच जातो, वरून नाही, पण चलन तुमच्या नावाने निघतं. ते चलन आणि बिल्डरच्या पावत्या एका फायलीत लावा, कारण ओसीआरसाठी बँक तीच फाईल मागणार आहे.