किटलीतला मसाला चहा: पूड कशी करावी आणि कृती कशी लिहावी

भाच्याच्या होस्टेलमध्ये शेगडीला बंदी, विजेची किटली तेवढी चालते. "मावशी, नुसत्या गरम पाण्यात होईल असा मसाला चहा करून दे," म्हणाला. आईच्या वहीत मसाला होताच: 'सुंठ बोटभर, वेलदोडे मूठभर, लवंगा बेताने.' मी बेताने घातल्या आणि बरणीभर दातदुखीचं औषध तयार झालं.

चूक आईची नव्हे. चहा उकळत असताना रंग दिसतो, वास येतो, कमी वाटलं तर आलं किसता येतं. अमृततुल्यवाला तरी कुठे मोजतो? खलबत्त्यात वेलदोडा-आलं ठेचतो आणि पातेल्यात टाकतो. बरणीतल्या पुडीला मात्र नंतर हात लावता येत नाही. म्हणून इथे माप हवंच.

साधारण 14 कपांसाठी: दूध पावडर 150 ग्रॅम, साखर 90 ग्रॅम, इन्स्टंट चहा 15 ग्रॅम, सुंठपूड 2 सपाट चमचे (5 मिलीचा चमचा), वेलदोडे 25, लवंगा 4, मिरी 6, दालचिनी इंचभर, चिमूटभर जायफळ. नेहमीची चहा पावडर चालणार नाही, ती विरघळत नाही. इन्स्टंट चहा म्हणजे चहाचा अर्क वाळवून केलेली पूड. बिनसाखरेची, बिनदुधाची बघून घ्या.

1. वेलदोडे सोला. सालं चहाच्या डब्यात टाका, फुकट वास. दाणे, लवंगा, मिरी, दालचिनी कढईत मंद आचेवर मिनिटभर गरम करून पूर्ण गार होऊ द्या.

2. साखरेसकट मिक्सरमधून काढा. एवढासा मसाला एकटा पात्याखाली येत नाही, साखर त्याला धरून दळते.

3. मैद्याच्या चाळणीने चाळा, वर राहील ते पुन्हा दळा. इथे आळस केलात तर कपाच्या तळाशी गाळ बसेल. मसाला विरघळत नसतो, जितका बारीक तितका बरा.

4. सुंठ, जायफळ, इन्स्टंट चहा, दूध पावडर मिसळून कोरड्या बरणीत भरा. जुलैतल्या पुण्यात, पाऊस लागला असताना, हा उद्योग करू नका. ओल धरून गोळे होतात. ओल्या चमच्याचंही तेच.

5. कपात 15 मिलीचे 2 चमचे पूड, त्यात थोडं साधं पाणी घालून गुठळ्या मोडा. मग उकळून मिनिटभर थांबलेलं 120 मिली पाणी ओता. उकळतं पाणी थेट ओतलंत तर दूध पावडरच्या गाठी होतात.

आता लिहिण्याचं. आईच्या वहीसारख्याच कृती फार जुन्या आहेत. येल विद्यापीठात सुमारे 3700 वर्षांपूर्वीच्या बाबिलोनी मातीच्या पाट्या आहेत. त्यांत रश्श्यात काय काय पडतं ते आहे, किती ते बहुतेक नाही. ज्याला येतं त्याच्यासाठीच लिहिलेलं! बोस्टनच्या पाककलाशिक्षिका फॅनी फार्मर यांनी 1896च्या पाककृतींच्या पुस्तकात सपाट चमच्या-कपाचा आग्रह धरला. पण बिनमापाचं लिहिलेलंही उपयोगी पडतं. पुण्याच्या भांडारकर संस्थेतले संशोधक प. कृ. गोडे जिलबीच्या इतिहासाचा माग काढत होते, तेव्हा त्यांना 17व्या शतकातल्या 'भोजनकुतूहल' या संस्कृत ग्रंथातल्या कृतीचा आधार मिळाला.

म्हणून बरणीला कार्ड बांधा. वर तारीख, कपाचं माप मिलीत, मसाले नगांत किंवा सपाट चमच्यात. 'चवीपुरतं' हा शब्द काढून टाका. खाली दोन ओळी रिकाम्या सोडा, पुढच्या खेपेला काय बदललं त्यासाठी.

आमचं कार्ड परवा रिकाम्या बरणीबरोबर परत आलं. भाच्याने पेन्सिलीने लिहिलंय: 'लवंगा 3. साखर तीच. रूममेटसाठी डबल.'